गळ्याखालची पोळी

पुण्यात संस्कृत घेऊन बी.ए. करीत असताना आम्हांला अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्रावरच्या ग्रंथातला काही भाग अभ्यासाला होता. लक्षण, म्हणजे एखाद्या वस्तूची नेमकी व्याख्या, कसे असावे हे समजावताना 'दीपिका' या त्याच्याच टीकेत गाईचे उदाहरण येते. गाय कपिल वर्णाची असते असे लक्षण केले, तर पांढरी गाय लक्षणाबाहेर राहते, ही अव्याप्ती. गाईला शिंगे असतात असे म्हटले, तर म्हैसही लक्षणात येऊन बसते, ही अतिव्याप्ती. गाईचा खूर घोड्यासारखा अखंड असतो असे म्हटले, तर जगातली एकही गाय त्यात सापडत नाही, हा असंभव. मग निर्दोष लक्षण कोणते? तर सास्ना असणे. सरांनी फळ्यावर 'सास्ना' हा शब्द लिहिला आणि वर्गाकडे वळून विचारले, "तुमच्यापैकी कोणी सास्ना पाहिली आहे?"

वर्गातली बहुतेक मुले-मुली शहरातली होती. मी माण तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरची. शब्दकोशातला अर्थ मी आदल्या रात्री पाहून ठेवला होता, म्हणून धीर करून म्हणाले, "सर, आमच्याकडे तिला पोळी म्हणतात." सरांनी मला उभे केले आणि नीट वर्णन करायला सांगितले. हनुवटीच्या मागून निघून गळ्याखाली लोंबत, पुढच्या दोन पायांच्या मधून छातीपर्यंत उतरणारी कातडीची ती दुहेरी घडी मी हाताने आपल्या गळ्यावर दाखवली. "म्हशीला असते का?" सरांनी विचारले. "नाही, सर. म्हशीचा गळा सरळ असतो," मी म्हणाले. त्यांनी फळ्यावर 'सास्ना'समोर बरोबरची खूण काढून 'पोळी' असे लिहिले. आमच्या गोठ्यातला शब्द पुण्यातल्या फळ्यावर, तोही एका संस्कृत पारिभाषिक शब्दाच्या शेजारी पाहताना मला जे वाटले, ते मी आजही विसरलेले नाही.

पुढे कळले की, ही परंपरा अन्नंभट्टापेक्षा फार जुनी आहे. पतंजलीने आपल्या व्याकरणावरच्या महाभाष्याच्या आरंभीच 'गौः' या पदाची चर्चा करताना शब्द म्हणजे काय याचे उत्तर दिले आहे: जे उच्चारले असता सास्ना, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगे असलेल्या प्राण्याचा बोध होतो, तो शब्द. या यादीत पहिले स्थान शिंगांना नाही, वशिंडालाही नाही. ते गळ्याखालच्या सैल कातडीला आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी गाईकडे बारकाईने पाहणाऱ्या कोणाला तरी असे वाटले की, हिची ओळख पटवायची तर इथून सुरुवात करावी. माझ्या मनात मात्र वर्गात एक शंका आली होती, ती मी नंतर सरांना विचारली. राधानगरीच्या जंगलातल्या गव्यालाही गळ्याखाली पोळी असते. मग लक्षण अतिव्याप्त होत नाही का? सर म्हणाले, "मूळ पद 'सास्नादिमत्त्व', म्हणजे सास्ना वगैरे असणे, असे आहे. त्यातला 'आदि' उगाच नाही." हे उत्तर मला तेव्हा पळवाटेसारखे वाटले होते, आता त्यात शहाणपण दिसते.

आमच्याकडे खिल्लार जनावरे होती. खिल्लार बैलाची पोळी लहान आणि पातळ असते आणि माणदेशात ती तशीच असावी लागते. माझे आजोबा, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, मला एकदा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात घेऊन गेले होते. सौदा रुमालाखाली बोटे धरून होतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच्या आधी जे घडते ते मी तिथे जवळून पाहिले. तात्यांनी आधी दात पाहिले. बैल चार दाती होता. मग त्यांनी त्याच्या गळ्याखाली हात घालून पोळी मुठीत धरली आणि कापडाचा पोत पाहावा तशी अंगठ्याने चोळली. नंतर खांद्याच्या मागची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडून दिली. ती लगेच बसली. "कातडं बघ, पानावाणी पातळ हाय," ते मला म्हणाले. जाड पोळीचा, बेंबीखाली लोंबत्या कातडीचा बैल त्यांनी कधी घेतला नाही. असा बैल वाटेला जड पडतो आणि काट्याकुट्यात त्याची लोंबती कातडी फाटते, असे त्यांचे म्हणणे होते.

ही आवड मुलखाप्रमाणे बदलते. कामासाठी बैल हवा तिथे अंगासरशी कातडी, आणि दुधासाठी गाय पाळायची तिथे सैल कातडी चांगली, असा साधारण कल दिसतो. पंजाबातल्या साहिवाल गाईला तिच्या सैल कातडीमुळे 'लोला' असेच दुसरे नाव आहे. तिची पोळी इतकी भरदार असते की, चालताना ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुलत राहते. तात्यांनी साहिवाल पाहिली असती तर त्यांनी मान हलवली असती, आणि साहिवाल पाळणाऱ्याने खिल्लार पाहून ही गाय उपाशी आहे का असे विचारले असते.

पोळी कशासाठी असते, याचे सर्वत्र दिले जाणारे उत्तर म्हणजे अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी. भारतीय गोवंशाच्या कातडीचे क्षेत्र युरोपीय गाईंपेक्षा जास्त, घामाच्या ग्रंथीही जास्त आणि मोठ्या, त्यामुळे आपल्या गाई उन्हात टिकतात, हे खरे आहे. पण या सगळ्याचे श्रेय पोळीला द्यावे का? लाल सिंधी जातीच्या जनावरांची पोळी शस्त्रक्रियेने काढून टाकून पाहिले गेले, तेव्हा उष्णता सोसण्याच्या त्यांच्या शक्तीत फारसा फरक पडला नाही. वळूची पोळी गाईच्या पोळीपेक्षा मोठी असते, आणि दोन वळू समोरासमोर आले की एकमेकांना आपली बाजू दाखवत उभे राहतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पोळीचे आणखी एक काम सुचेल. बाजूने पाहिले असता वशिंड वरून आणि पोळी खालून त्या प्राण्याला दीडपट मोठा करतात. मला हे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण उष्णतेसाठीच पोळी असती तर गाईलाही वळूइतकीच मोठी पोळी लागली असती. ऊन दोघांवर सारखेच पडते.

सैल कातडीचे एक काम मात्र वादापलीकडचे आहे आणि ते रोज गोठ्यात दिसते. गाईच्या खांद्यावर माशी बसली, तर शेपूट तिथपर्यंत पोहोचत नाही. गाय मान वळवत नाही, पाय हलवत नाही. फक्त त्या एका जागेची कातडी थरथरवते आणि माशी उडते. कातडीच्या आतल्या बाजूला स्नायूंचा एक पातळ थर असतो, त्याचे हे काम. हा थर चालायचा तर त्याच्या वरची कातडी सैल हवी, खालच्या मांसावरून सरकणारी हवी. लहानपणी मी गवताची काडी घेऊन आमच्या गाईच्या पाठीवर टेकवत असे आणि काडी टेकेल तिथे कातडीवर पाण्यासारखी लाट उठलेली पाहत असे. माणसाच्या अंगावर हा थर जवळजवळ राहिलेला नाही. त्याचा ठळक अवशेष म्हणजे गळ्यावरचा पातळ स्नायू. आरशासमोर दात घट्ट आवळून ओठांचे कोपरे खाली ओढले की गळ्यावर उभ्या दोऱ्या उमटतात, तो हाच. माशी उडवायला मात्र आपल्याला हात उचलावा लागतो.

तात्यांनी बाजारात घेतलेल्या त्या चिमटीचा दुसरा उपयोग मी एका पावसाळ्यात पाहिला. आमच्या वासराला हगवण लागली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी आल्या आल्या त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि सोडली. ती बसेना. कातडीचा डोंगरासारखा उंचवटा तसाच उभा राहिला आणि हळूहळू, जणू नाखुशीने, खाली गेला. "अंगातलं पाणी गेलंय," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी सलाईनची बाटली गोठ्याच्या आढ्याला टांगली. संध्याकाळी त्यांनी पुन्हा चिमटी घेतली, तेव्हा कातडी लवकर बसली. वासरू उठायच्या आधी त्याच्या कातडीने आम्हांला सांगितले की ते उठणार आहे. जुलाब झालेल्या लहान मुलांच्या बाबतीतही अगदी हीच परीक्षा घेतात. बेंबी आणि कूस यांच्या मधली पोटाची कातडी चिमटीत धरतात, आणि ती खाली बसायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर मुलाच्या अंगातले पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत कमी झाले आहे असे मानतात. म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या पाठीवर मात्र ही परीक्षा घेऊन उपयोग नसतो, कारण तिथली कातडी ताणून परत बसण्याचे बळ वयाबरोबर हरवलेली असते. म्हणून जाणते डॉक्टर ती छातीच्या हाडावर किंवा कपाळावर घेतात. माझ्या आजीच्या हातावर असा उंचवटा करून तो किती वेळ उभा राहतो हे मोजण्याचा खेळ आम्ही नातवंडे खेळत असू. ती कधी रागावली नाही.

आता बकरीकडे येते. काही बकऱ्यांच्या गळ्याखाली बोटाएवढे दोन लोंबते अवयव असतात. त्यांना संस्कृतात 'अजागलस्तन' म्हणतात. दिसायला सडांसारखे, पण त्यांतून दूध येत नाही, म्हणून निरुपयोगी वस्तूचे किंवा निरुपयोगी माणसाचे उदाहरण म्हणून सुभाषितकारांनी त्यांना कायमचे वेठीला धरले. मराठीत आपण गबाळ्या, वेंधळ्या माणसाला 'अजागळ' म्हणतो, त्या शब्दाची व्युत्पत्तीही इथूनच लावतात. हे मला नेहमी खटकते. गळ्याखालच्या दोन कातड्या. गाईची ती न्यायशास्त्रात लक्षणाच्या पदावर जाऊन बसली आणि बकरीची ती शिवी झाली. बकरीच्या गळ्यातल्या त्या लोंबत्या अवयवांत कूर्चा असते, रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, आणि आई किंवा बाप यांपैकी एकाकडून जरी तो गुण आला तरी करडाला ते फुटतात. दूध देणे हे ज्याचे काम कधी नव्हतेच, त्याला दूध देत नाही म्हणून निरुपयोगी ठरवणे, यात दोष पाहणाऱ्याच्या अपेक्षेचा आहे.

गेंड्याच्या बाबतीतही भाषेने असाच अन्याय केला आहे. ज्याच्यावर कशाचा परिणाम होत नाही तो 'गेंड्याच्या कातडीचा'. एकशिंगी गेंड्याची कातडी जाड आहे, हे खरे. पण ती खांद्यावर, कमरेवर आणि गळ्याशी खोल घड्यांमध्ये मुडपलेली असते, आणि त्या घड्यांच्या आतली कातडी बाहेरच्यापेक्षा पातळ, मऊ आणि गुलाबी असते. गोचिडी आणि माश्या नेमक्या तिथेच जातात, म्हणून गेंडा तासन्‌तास चिखलात आणि पाण्यात लोळतो. ज्याला काही जाणवत नाही, तो प्राणी असे कशाला करील? या घड्यांना चिलखत समजण्याची चूक युरोपनेही केली, आणि तिचा धागा गोव्यातून जातो. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडून पोर्तुगीजांना मिळालेला एक गेंडा १५१५च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढवला गेला आणि त्याच वर्षी २० मे रोजी लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो कधी पाहिला नाही; कोणाचे तरी वर्णन आणि एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने लाकडात ठसा कोरला, आणि त्यात कातडीच्या प्रत्येक घडीचा पोलादी पत्रा केला, खिळे ठोकल्यासारखा. पुढे दोनशेहून अधिक वर्षे युरोपात गेंडा म्हणजे हेच चित्र होते. खरा गेंडा मात्र पुढच्या वर्षी पोपला नजर करण्यासाठी नेला जात असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

गळ्याखालच्या कातडीचे सर्वांत सुंदर रूप मी आमच्याच जिल्ह्यात पाहिले आणि त्यासाठी मला पन्नाशी गाठावी लागली. साताऱ्याच्या पश्चिमेला ठोसेघरच्या वर चाळकेवाडीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे खडकाळ पठार, आहे. मे महिन्यात तिथे गवत वाळून गेलेले असते, जांभ्याचे दगड तापलेले असतात आणि पवनचक्क्यांच्या पात्यांच्या सावल्या एकसारख्या जमिनीवरून फिरत असतात. माझा भाचा प्राणिशास्त्र शिकतो. त्याने मला एका दगडापासून काही हातांच्या अंतरावर पालथे झोपायला सांगितले आणि हलू नकोस अशी ताकीद दिली. दगडावर एक मातकट रंगाचा, वीतभरही नसलेला सरडा येऊन बसला. त्याच्याकडे पाहण्यासारखे काहीच नव्हते. मग त्याने पुढचे पाय ताठ करून छाती उचलली, आणि गळ्याखालून एक पंखा उघडला. आधी झळाळता निळा, मग काळा, मग शेंदरी. पापणी लवते तेवढ्यात तो मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मिटल्यावर तो सरडा परत दगडाच्या रंगाचा झाला, आणि आपण पाहिले ते खरे की भास असे मला वाटत राहिले.

भाच्याने समजावून सांगितले ते असे. हा पंखा म्हणजे गळ्याची सैल कातडी, घडी घालून ठेवलेली. जिभेच्या मुळाशी असणाऱ्या हाडांच्या सांगाड्यातून एक लांब काडी मागे गेलेली असते. सरडा ती पुढे-खाली ढकलतो आणि छत्रीच्या काडीने कापड ताणावे तशी कातडी ताणली जाते. त्यातला निळा हा रंगद्रव्याचा नव्हे, तर कातडीच्या पेशींतल्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश उलटल्यामुळे दिसणारा निळा आहे, म्हणून तो कोन बदलला की बदलतो. पंखा नरालाच असतो, आणि तो माद्यांना बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नरांना हटकण्यासाठी. या सरड्यांचा गट २०१६ साली शास्त्रज्ञांनी वेगळी प्रजाती (जीनस) म्हणून मांडला आणि तिचे नाव ठेवले 'सराडा', आपल्या 'सरडा' या शब्दावरून. चाळकेवाडीचा हा 'सराडा सुपर्बा'. मराठीतला एक घरगुती शब्द लॅटिन नावांच्या यादीत जाऊन बसला, हे ऐकताना मला पुन्हा एकदा तो फळा आठवला.

त्याच सड्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले, कारण ते त्या पात्यांपासून दूर राहतात. पक्षी नाहीत म्हणून सरडे वाढले. त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी झाले, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनात. हे सगळे सरड्यांच्या भल्याचे वाटते. पण गर्दी वाढल्याने खाणे कमी पडले, अंगे रोडावली, आणि नरांच्या गळ्याखालच्या पंख्याचा रंग फिका पडला. मी ज्या सरड्यासमोर पालथी झोपले होते, त्याच्यावरूनही पात्याची सावली जात होती. त्याचा निळा मला तरी पुरेसा झळाळता वाटला. पण तुलनेला दुसरा निळा माझ्याजवळ नव्हता. वीज मलाही हवी आहे, आणि तरी हे वाचल्यापासून त्या सड्यावर जाताना मला स्वस्थ वाटत नाही. गळ्याखालच्या तळहाताएवढ्याही नसलेल्या कातडीवर एका डोंगराचा इतका हिशेब उमटत असेल, तर ती कातडी पाहण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.

माणसाच्या अंगावर अशी लोंबती कातडी फारशी नाही, आणि जी आहे तिची आपल्याला लाज वाटते. पूर्वी असे नव्हते. पोटावरच्या तीन वळ्यांना, म्हणजे त्रिवळीला, संस्कृत कवींनी सौंदर्याचे चिन्ह मानले. शंखावरच्या रेषांप्रमाणे गळ्यावर तीन रेषा असणे हे थोर पुरुषाचे लक्षण समजले गेले, आणि बुद्धमूर्तींच्या गळ्यावर शिल्पकारांनी त्या काळजीपूर्वक कोरल्या. आज गळ्यावर तशा तीन रेषा दिसू लागल्या की आपण मलम शोधतो. कानाची पाळी, पापणीची घडी, कोपरावरच्या सुरकुत्या, बोटांच्या बेचक्यांतला तो लहानसा पडदा, यांच्याकडे तर आपण पाहतही नाही. बेचक्यांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आईच्या पोटात आपली बोटेही आधी कातडीने जोडलेली असतात; मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि बोटे सुटी होतात. वटवाघळात त्या पेशी मरत नाहीत. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांचा पंजा आणि बेचक्यांत राहू दिलेली कातडी.

माणसाच्या कातडीत थोडी शिल्लक कुठे आहे, हे सर्वांत आधी आणि सर्वांत नीट ओळखले ते कापलेली नाके पुन्हा करणाऱ्या वैद्यांनी. सुश्रुतसंहितेत सांगितलेली रीत अशी: नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची कातडी सोडवावी, तिचे मूळ जोडलेले ठेवून ती नाकाच्या जागी बसवावी. मूळ तोडायचे नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा शोध. मुळातून रक्त येत राहते म्हणून कातडी जगते. आजचे डॉक्टर अशा कातडीला फ्लॅप म्हणतात.

ही विद्या पोथीतच राहिली नव्हती, याचा पुरावा पुण्याजवळचा आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एक पत्र छापून आले. १७९२च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पत्रात त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. हे नाव मराठा शेतकऱ्याचे वाटत नाही. इंग्रजी कानाने ऐकताना काहीतरी बदलले असावे असे मला वाटते. सुमारे वर्षभर तो नाकाशिवाय राहिला आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचे चित्रही काढले. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते.

त्या माणसाने काय केले, ते पत्रात बारकाईने दिले आहे. पानाऐवजी त्याने मेणाचा पातळ पत्रा घेतला, तो नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून आकार घेतला, मग सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ काढली. रेघेच्या आतली कातडी त्याने सोडवली. फक्त दोन भुवयांच्या मधे एक बारीक पट्टी जोडलेली ठेवली. नाकाच्या उरलेल्या कडांना चीर घेतली, कपाळाची कातडी खाली आणून अर्धा पिळा देऊन फिरवली, म्हणजे वरची बाजू वरच राहिली, आणि तिची कड त्या चिरेत बसवली. टाके घातले नाहीत. विड्याला लावतात तो कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवून सांधा धरून ठेवला. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावले. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती पट्टी कापायची; तोवर नव्या जागेतून रक्त मिळू लागलेले असते. हे पत्र वाचल्यानंतर लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने वर्षानुवर्षे विचार करून १८१४ साली ही रीत वापरली आणि १८१६ साली दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कपाळाच्या कातडीने नाक करण्याच्या या रीतीला युरोपात 'भारतीय पद्धत' असे नाव पडले, आणि ती आजही वापरात आहे.

मेण, कात, तूप. यांतली एकही वस्तू आमच्या घरात नव्हती असा दिवस मला आठवत नाही. त्या माणसाच्या हातात त्यांच्याखेरीज एक वस्तरा आणि कातडी किती ताणते, कुठे तुटते, किती दिवसांत धरते याचे ज्ञान होते. तात्या बाजारात खांद्यामागची कातडी ओढून सोडत, तेव्हा त्यांच्या बोटांत असलेले ज्ञान याच जातीचे होते, असे मला वाटते.

कपाळावरून नाकावर आणलेल्या कातडीविषयी डॉक्टरांनी नोंदवलेली एक गोष्ट मी वाचली आहे. कातडी जागा बदलते, पण तिच्यातल्या संवेदनेची वाट लगेच बदलत नाही. जोवर भुवयांमधली पट्टी जोडलेली असते, तोवर नव्या नाकाला कोणी स्पर्श केला तर तो रुग्णाला कपाळावर झाल्यासारखा वाटतो. मी कावसजीचा विचार करते तेव्हा हे मनात येते. पुण्याजवळच्या कुठल्यातरी घरात तो उताणा पडलेला आहे, नाकावर तुपाचे फडके आहे, आणि तुपावर माश्या येतातच. आयुष्यभर ज्यांना हाकले त्या बैलांना माशी उडवायला नुसती कातडी थरथरवावी लागे. त्याला हात उचलावा लागणार, आणि हात एकच उरलेला. माशी नाकावर बसली असेल आणि तो हात कपाळाकडे गेला असेल.